बिनमालकाची चकती

"उघडू का नको, ते सांगा एकदाचं," भैयाजींनी तिसऱ्यांदा विचारलं.

समोरच्या बाईनं कॅमेऱ्यावरचा हात अजून काढला नव्हता. "उघडा ना. पन माह्यासमोर उघडा."

"मंग कोनासमोर उघडतो? दुकानात दुसरं कोन हाये?"

"मागं पडदा हाये," बाई म्हणाली.

पडदा होता हे खरं. पडद्यामागं भैयाजींची खाट होती, स्टोव्ह होता आणि तांदळाचा डबा होता. पण गिऱ्हाइकाची वस्तू पडद्यामागं नेऊन आतला माल बदलणारा कारागीर आपण दिसतो की काय, या विचारानं त्यांच्या कपाळावरची शीर उठली. खरं तर याच बाईच्या जागी ते स्वतः असते तर त्यांनी पडदा आधी सरकवून बघितला असता आणि मगच पिशवीत हात घातला असता.

भैयाजी संशयी आहेत हे वडशात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. समोरच्या टपरीवरून सुकलूचा चहा आला की ते आधी ग्लास उजेडाला धरत, दुधात पाणी किती ते बघत आणि मग पीत. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वस्तूच्या आत, जिथं कुणाची नजर जाणार नाही अशा जागी, सुईनं 'भै' आणि साल कोरून ठेवत. उद्या हाच माणूस 'माझं मशीन बदललं' म्हणून भांडायला आला तर पुरावा हवा. अशी भांडणं चाळीस-पंचेचाळीस वर्षांत दोनच झाली. ती दोनच झाली याचं श्रेय भैयाजी त्या सुईला देत.

या बाईला तर ते सकाळपासून पाहत होते. सुकलूच्या टपरीच्या आडोशाला ती तासभर उभी होती, काखेत कापडी पिशवी आणि डोळे यांच्या दुकानावर. आधी त्यांना वाटलं, नगर परिषदेनं पाठवली असेल. मग वाटलं, पुतण्याचा, धनराजचा डोळा या गाळ्यावर आहे, त्यानंच कुणीतरी माणूस लावला असेल. तेवढ्यात ती रस्ता ओलांडून आली, स्टुलावर बसली आणि पिशवीतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला कॅमेरा काढला. बाईला भैयाजींनी ओळखलं नाही, पण कॅमेरा ओळखला. रशियन बनावटीचा, वर दोन खिडक्या असलेला, डाव्या कोपऱ्यावरचा रंग उडून पितळ दिसणारा.

"हा तं मुखरूचा," ते म्हणाले.

"मी त्यायची घरवाली. रंभा."

"आन मुखरू?"

"गेले. होळीच्या आधी."

भैयाजींनी चष्मा काढून पुसला. मुखरू फोटोवाला वडशातच राहत होता, त्यांच्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर, आणि तो गेल्याचं त्यांना आठ महिन्यांनी कळत होतं. मुखरूनं त्यांच्या दुकानाची पायरी चढणं सोडलं त्याला किती वर्षं झाली, याचा हिशेब त्यांनी त्या वेळी केला नाही.

"विकाचा हाये," रंभाबाई म्हणाल्या. "पुनमनं, माह्या पोरीनं, मोबाइलवर टाकला. नागपूरचा एक जन म्हनते, फोकस बरोबर असन तं घेतो. म्हून पाहून सांगा. बरोबर हाये का नाई, येवढंच."

भैयाजींच्या मनात पाल चुकचुकली. गिऱ्हाईक नागपूरचं, तर कॅमेरा दाखवायला नागपूरला कारागीर नव्हते? आणि विकायचीच वस्तू, तर तासभर टपरीआड उभं राहून कुणी दुकान न्याहाळत नाही. डाळीत काहीतरी काळं होतं. पण दुकानाच्या पाटीवर 'घड्याळ, रेडिओ, कॅमेरा' असं तीन रंगांत लिहिलं होतं, त्यातला 'कॅमेरा' नऊ वर्षं कुणी वाचला नव्हता. हात शिवशिवत होते.

"बसा," ते म्हणाले. "इथीच उघडतो."

या जातीच्या कॅमेऱ्यात भिंगातून बघायचं नसतं. वर एक वेगळी खिडकी असते. तिच्यातून पाहिलं की समोरचा माणूस दोनदा दिसतो, एक पक्का आणि एक पिवळट, सावलीसारखा, थोडा बाजूला सरकलेला. भिंगाची कडी फिरवत त्या सावलीला माणसावर नेऊन बसवायचं. दोघं एक झाले की अंतर साधलं, मग बटण दाबायचं. अडचण एवढीच, की खिडकीला जे दिसतं तेच भिंगालाही दिसतं आहे का, हे फोटो काढणाऱ्याला कळत नाही. ते फिल्म धुतल्यावर कळतं, आणि तोवर लोक उठून घरी गेलेले असतात.

भैयाजींकडे त्याला उपाय होता. खिडकीच्या काचेचा एक तुकडा त्यांनी वाळूपावडरीवर घासघासून दुधी करून ठेवला होता. त्यांनी कॅमेऱ्याची पाठ काढली, फिल्म जिथं ताणलेली असते तिथं ती काच बसवली, भिंगाचं तोंड पूर्ण उघडलं आणि कॅमेऱ्यातला शटरचा पडदा उघडाच राहील अशी कळ अडकवली. दुकानाच्या दारातून राइस मिलचं धुराडं दिसतं. कडी शेवटपर्यंत, 'अनंत'च्या खुणेवर नेली. वरच्या खिडकीत धुराडं एकच दिसलं, दोन नाही. म्हणजे खिडकी खरं बोलत होती. मग त्यांनी डोक्यावर ते जुनं लुगडं ओढलं, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावलं आणि दुधी काचेवर पाहिलं. काचेवर सगळं उलटं दिसतं. उलटं धुराडं धुरकट होतं. कडी किंचित मागं आणली तेव्हा त्याच्या विटा दिसल्या.

"हं," ते लुगड्याखालून म्हणाले. "खिडकी ठीक हाये. भिंग खोटं बोलून राह्यलं."

रंभाबाई स्टुलावर पुढं सरकल्या. "म्हंजे दोष हाये?"

"हाये ना. पाहतो काऊन हाये ते."

दोष सापडला की भैयाजींचा चेहरा खुलायचा. दुसऱ्याच्या हातून बिघडलेलं आपल्या हाती आलं, यासारखं सुख त्यांना दुसरं नव्हतं. कोणत्या अडाण्यानं हात लावला असेल, असं पुटपुटत त्यांनी भिंग कॅमेऱ्यापासून वेगळं केलं, दोन टोकांच्या पान्यानं मागचं कडं सोडवलं आणि काचांचा गोळा पितळी नळीतून अलगद वर काढला. नळीच्या आत, गोळा जिथं टेकतो त्या काठावर, एक स्वच्छ गोल पट्टा होता. बाकी सगळीकडं जुनं ग्रीस काळं पडलं होतं. तिथं काहीतरी पातळ गोल वर्षानुवर्षं बसलेलं असणार आणि नंतर कुणीतरी ते काढलेलं असणार. नळी उजेडाकडं कलती केली तेव्हा त्याच्या शेजारी सुईनं कोरलेली अक्षरंही दिसली. 'भै. ८९'.

भैयाजींनी नळी पुन्हा सरळ केली.

"काय झालं?" रंभाबाईंनी विचारलं.

"बुरशी हाये काचेवर. टाइम लागन. उद्या या."

"मी इथीच बसतो."

"बाई, दिवसभराचं काम हाये."

"असू द्या. घरी कोन वाट पाहून राह्यलं माही?"

त्या हलल्या नाहीत. भैयाजींनी सुकलूला हाक मारून दोन चहा सांगितले. चहा आला तेव्हा त्यांनी ग्लास उजेडाला धरला नाही. सुकलू दारात क्षणभर थांबून त्यांच्याकडं बघत राहिला आणि मग गेला.

एकोणनव्वद सालचा पावसाळा संपता संपता मुखरू हे भिंग घेऊन आला होता. आत बुरशीची जाळी धरली होती. भैयाजींनी ते उघडलं, साफ केलं, बसवलं, दिलं. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी दुकान झाडताना टेबलाखाली एक पितळी चकती मिळाली. कागदासारखी पातळ, बांगडीसारखी पोकळ, ग्रीसनं वर्तमानपत्राच्या तुकड्याला चिकटलेली. कुठली असावी याचा त्यांनी थोडा वेळ विचार केला. मनात एक नाव आलंही होतं. पण आपल्या हातून काही राहिलं असेल ही शंका त्यांना मानवली नाही. त्यांनी ती उचलून एका डब्यात टाकली. त्या डब्यावर त्यांनीच खडूनं लिहिलं होतं, 'बिनमालकाचे'.

दिवाळीनंतर मुखरू आला. म्हणाला, "भैयाजी, फोकस मागं जाऊन राह्यला जी. समोरच्यावर धरतो, मागचा साफ येते." दुकानात तेव्हा चार जण गप्पा ठोकत बसले होते. चार जणांत आपल्या कामाला कुणी नाव ठेवावं हे भैयाजींना कसं खपावं? त्यांनी कॅमेरा हातात घेतला, खिडकीतून बघितलं, उघडून पाहिलं नाही आणि म्हणाले, "भिंग बरोबर हाये गा. तुयी नजरच मागच्या बाईवर असन." चौघं खो खो हसले. मुखरूही हसला, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि गेला. तो पुन्हा आला नाही.

"बुरशी इतका वेळ पाहतेत का?" रंभाबाई म्हणाल्या.

भैयाजींनी मान वर केली. बाईंनी पिशवीतून आता दुसरी वस्तू काढली होती. काळ्या पानांचा अल्बम. तो त्यांनी चहाचे ग्लास बाजूला सारून टेबलावर उघडला.

"विकाचा नाई मले क्यामेरा," त्या म्हणाल्या. "नागपूरचा मानूस हाये, खोटं नाई बोलली. पन त्याच्यासाठी नाई आली मी. हे पाहा."

वडशात थंडीचे चार महिने नाटक कंपन्यांचा सीझन असतो. मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या निमित्तानं गावोगावी रात्रभर नाटकं चालतात. पडदा उघडायच्या आधी, दिवेलागणीला, मेकप झाला की कंपनीचा फोटो काढायची पद्धत होती. पुढं खुर्च्यांवर पाहुणे आणि कंपनीच्या माणसांच्या बायका, मागं नटमंडळी उभी. मुखरू फोटो काढायचा म्हणून रंभाला खुर्ची ठरलेली असायची, पहिल्या रांगेत मधोमध. पहिल्या फोटोत ती बसलेली होती, पंचवीस-सव्वीस वर्षांची, नवं लुगडं, हात मांडीवर. चेहरा मात्र धुक्यातला. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके आहेत हे आत्ता समोर दिसत होतं, फोटोत त्यांचा पत्ता नव्हता. आणि तिच्या मागं उभी असलेली नटी इतकी साफ होती की डोळ्यांतलं काजळ बोटानं पुसावं.

"ही मी. आन ही नीलाबाई," रंभाबाई म्हणाल्या. "एकोननव्वदच्या सीझनचे अकरा फोटो हायेत. अकराच्या अकरात मी अशी आन ते तशी."

भैयाजींनी पानं उलटली. अकरा होते.

"लग्नाचे फोटो काढत, ते साफ येत. शाळेचे काढत, ते साफ. फक्त नाटकाचेच असे. क्यामेऱ्यात दोष असता तं साऱ्यातच आला असता ना? मी जास्त शिकली नाई, पन येवढं समजते मले."

"नीलाबाई कुठी असते आता?"

"गेली. करोनात." त्या थांबल्या. "सीझनमधी आमच्याच घरी खोली घेऊन राहे. दोन साल माह्या हातचं खाल्लं तिनं. पुनमले न्हाऊ घाले. मंग तुमचा शब्द आला."

"माहा?"

"तुमी म्हनलं होतं ना दुकानात, भिंग बरोबर हाये, मुखरूची नजरच मागच्या बाईवर हाये. सांजपर्यंत बोअरिंगवर आलं ते. बाया हासून राह्यल्या आन मी पान्यानं गुंड भरून राह्यली. घरी येऊन फोटो काढले, एकापुढं एक मांडले. मंग दिसलं ना मले."

भैयाजींनी अल्बमवरचा हात काढला.

"भर पौषात तिचं सामान रस्त्यावर टाकलं मी. जे बोलू नाई ते बोलली. ते काही नाई बोलली, पेटी उचलली आन गेली. ह्यायनं नाटकाचं काम सोडलं, मंग शाळेचे आयडी फोटो आन आधार कार्डाचे फोटो काढत बसले जिंदगीभर. मले एकच म्हनत, क्यामेऱ्यात काहीतरी हाये वं. मी म्हनो, भैयाजीपेक्षा तुमाले जास्त समजते का? मंग चूप बसत." त्यांनी अल्बम मिटला. "मरताना बी चूपच होते. आता तुमी सांगा. दोष क्यामेऱ्यात होता का त्यायच्यात?"

एवढ्यासाठी ही बाई तासभर टपरीआड उभी राहून धीर गोळा करत होती, आणि आपण तिला धनराजची हेर समजलो. भैयाजींना स्वतःची लाज वाटली. ती पुरेशी नव्हती हेही त्यांना कळत होतं.

"क्यामेऱ्यात," ते म्हणाले.

रंभाबाईंचे डोळे बारीक झाले. "मेलेल्या मानसाचं सारेच चांगलं बोलते. तोंडी नका सांगू. दाखवा."

भैयाजी उठले. कपाटावरची पाच टेबलघड्याळं त्यांनी काढली आणि लांब बाकावर एकामागं एक, तिरप्या ओळीत, एकेक वीत अंतरानं मांडली. भिंग होतं तसं पुन्हा जोडलं, चकतीशिवाय. कॅमेरा सात-आठ फुटांवर ठोकळ्यावर ठेवला आणि रंभाबाईंना खिडकीशी बसवलं.

"पहिल्या घड्याळाचे दोन काटे दिसते का? एक खरा, एक पिवळा?"

"दिसते."

"ही कडी फिरवा. दोन्ही एक झाले की सांगा."

बाईंनी जीभ दातांत धरून कडी फिरवली. "झाले एक."

"आता डोक्यावर लुगडं घ्या आन मागच्या काचेत पाहा. उलटं दिसन. कोनत्या घड्याळाचे आकडे साफ हायेत?"

लुगड्याखाली बाईंची मान इकडून तिकडं सरकली. "पहिलं धुरकट हाये."

"आन साफ?"

"तिसरं." लुगडं किंचित हललं. "तिसरं, आन थोडं चौथं."

"दोन-तीन वीत मागं. खुर्चीवरच्या बाईमागं मानूस उभा राहते तितकं. आता पाहा." भैयाजींनी भिंगाची पुढची कडी फिरवून त्याचं तोंड बारीक केलं. "आता?"

"अंधारलं."

"अंधारलं, पन आकडे पाहा."

"सारेच दिसून राह्यले. पहिलं बी."

"लग्न दिवसा, शाळा दिवसा. ऊन असलं की तोंड असं बारीक ठेवते फोटोवाला. मंग मागचं-पुढचं सारं साफ येते, दोष झाकून जाते. नाटकाचा फोटो दिवेलागनीले. उजेड नाई, म्हून तोंड पुरं उघडा लागते. मंग भिंग जिथी पाहते तेवढंच साफ. मुखरूनं तुमच्यावरच धरलं होतं, बाई. अकराच्या अकरा वेळा तुमच्यावरच."

रंभाबाईंनी लुगडं डोक्यावरून काढलं. केस विस्कटले होते, ते सारखे केले नाहीत. बाकावरची पाच घड्याळं पाच वेगवेगळ्या वेळा दाखवत टिकटिकत होती.

"पडला असन कधी," त्या हळूच म्हणाल्या. "मंडईत धक्काबुक्की होये. पडला असन हातून, त्यायले समजलं नसन."

सुटायची वाट बाईंनी स्वतःच उघडून दिली होती. हो म्हटलं असतं की झालं असतं. मुखरू विचारायला येणार नव्हता, नळीतली अक्षरं वाचायला त्यांच्याखेरीज कुणी नव्हतं, आणि बाई तरीही मोकळी होऊन घरी गेली असती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, हा धंदा भैयाजींनी जन्मभर केला होता. आणखी एक दिवस काही जड नव्हता. त्यांनी पाणी प्यायलं. मग पडद्यामागं गेले.

"कुठी चालले?" रंभाबाई लगेच म्हणाल्या.

भैयाजींनी पडदा पूर्ण बाजूला सारला, खिळ्याला अडकवला आणि बाईंच्या देखत खाटेखालून एक पत्र्याचा डबा ओढला. वरची खडूची अक्षरं पुसट झाली होती. डबा टेबलावर पालथा केला. स्क्रू, स्प्रिंगा, दाते पडलेली चाकं, आणि त्यांच्या तळाशी वर्तमानपत्राचा पिवळा तुकडा. त्याला चिकटलेली चकती त्यांनी नखानं सोडवली, पुसली आणि नळीत सोडली. ती त्या स्वच्छ पट्ट्यावर जाऊन अशी बसली की कधी उठलीच नव्हती.

"पडला नाई," ते म्हणाले. "हे माह्या हातून राह्यली बसवाची. एकोननव्वद साली. हे पाहा, माही खून हाये आत."

बाईंनी नळीत पाहिलं नाही. त्यांच्याकडं पाहिलं. "तुमाले माहीत होतं?"

"शंका होती. चकती सापडली होती. मंग मुखरू आला, म्हने फोकस मागं जाते."

"मंग काऊन नाई पाह्यलं उघडून?"

"दुकानात चार लोक होते, बाई."

रंभाबाई चकतीकडं बघत राहिल्या. "माह्या घरी दोघंच होतो, भैयाजी," त्या म्हणाल्या.

भैयाजींना रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्यांनी खाली मान घातली आणि काम केलं. काचांचा गोळा चकतीवर बसवला, कडं आवळलं, भिंग कॅमेऱ्याला लावलं. धुराड्यावर पाहिलं, विटा मोजता येत होत्या. घड्याळांवर पाहिलं, पहिल्याचे आकडे साफ. पस्तीस वर्षांचं काम वीस मिनिटांत झालं.

"झालं," ते म्हणाले. "आता अजून काय करू ते सांगा."

बाईंनी विचार केला. "चौघांत बोलले होते ना? मंग चौघांतच सांगा."

टपरीवर त्या वेळी सुकलू होता, मोबाइलवर मान घातलेली तीन पोरं होती, आणि कडेच्या बाकड्यावर बापूजी होते, ऐंशीच्या घरातले, कानांनी बहिरे. तेव्हा दुकानात हसलेल्या चौघांपैकी आता हे एकच उरले होते. भैयाजी रस्ता ओलांडून गेले. पायांत चप्पल घालायची राहिली हे त्यांना तिथं पोचल्यावर कळलं. रंभाबाई दुकानाच्या पायरीवर उभ्या होत्या.

"ऐका," भैयाजी म्हणाले. "मुखरू फोटोवाल्याच्या क्यामेऱ्यात दोष होता. तो माह्या हातून झाला होता. त्याची नजर साफ होती. मी खोटं बोललो होतो."

पोरांनी माना वर केल्या. "कोन मुखरू?" त्यातल्या एकानं सुकलूला विचारलं. सुकलूनं खांदे उडवले. त्यानं टपरी बापाकडून घेतली तेव्हा मुखरू आयडी फोटोवाला झाला होता.

"काय म्हनते?" बापूजींनी कानामागं हात धरला.

भैयाजी त्यांच्या कानाशी वाकले. सगळं पुन्हा सांगावं लागलं, ओरडून. रस्त्यानं तांदळाच्या पोत्यांचा ट्रॅक्टर गेला, तो जाईपर्यंत थांबून शेवटचं वाक्य तिसऱ्यांदा सांगावं लागलं. "चूक माही होती."

बापूजींना एकदम आठवलं. तोंडात दात नव्हते, पण हसले. "ते नीलाबाईचं? अरे, तो तं मजाक होता ना गा. मी तं सांजीच विसरलो होतो."

पोरं पुन्हा मोबाइलकडं वळली. जन्मभर जपलेलं नाव आज चार लोकांत जाणार असं भैयाजींना वाटलं होतं. ते कुठंच गेलं नाही. भैयाजी अनवाणीच परत आले.

रंभाबाईंनी सगळं ऐकलं होतं. बापूजींचंही. त्या पायरीवरून वळून आत गेल्या आणि भिंतीशी असलेल्या स्टुलावर बसल्या.

"माह्यावर धरा," त्या म्हणाल्या.

"रोल नाई यात, बाई. फोटो नाई निघाचा."

"असू द्या."

भैयाजींनी ठोकळा सरकवला. खिडकीत रंभाबाई दोनदा दिसल्या. पिवळी सावली सरकत सरकत त्यांच्यावर जाऊन बसली. मग भैयाजींनी लुगडं डोक्यावर ओढलं आणि मागच्या काचेत पाहिलं. बाईमागची भिंत धुरकट होती, चुना कुठं पडलाय तेही कळत नव्हतं. पुढं उलटा चेहरा होता. कपाळावरच्या आठ्या, नाकातल्या फुलीचं भोक, हनुवटीवरचे तिन्ही ठिपके.

"दिसून राह्यली का मी?"

"दिसून राह्यल्या."

"साफ?"

"साफ, बाई."

त्या उठल्या नाहीत. पदर खांद्यावर नीट केला, हात मांडीवर ठेवले, आणि फोटो काढायला बसलेलं माणूस बसतं तशा न हलता भिंगाकडं बघत राहिल्या.